व्हिडिओ संकलन-साधनांचे प्रलेखन, एजंटांसाठी

व्हिडिओचे तुकडे कापणे, ते जोडणे, त्यांवर शीर्षके व उपशीर्षके चढविणे, आवाजाची पातळी जुळविणे, एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करणे इ. कामे लेखी आज्ञांवरून आपोआप करणाऱ्या संगणकीय साधनांचे, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एजंटांना ती बिनचूक वापरता यावीत अशा रीतीने केलेले वर्णन. एजंट म्हणजे मोठ्या भाषिक प्रतिमानावर आधारलेली अशी आज्ञावली, की जी दिलेले उद्दिष्ट समजून घेते, त्यासाठी कोणते साधन चालवावयाचे ते ठरविते, साधनाकडून आलेले उत्तर वाचते व त्यानुसार पुढील पाऊल टाकते. माणसासाठी लिहिलेली माहितीपुस्तिका व एजंटासाठी लिहिलेली माहितीपुस्तिका यांत मूलतः विरोध नाही. परंतु पुस्तिकेत जे सांगितलेले नसते ते माणूस पडद्याकडे पाहून व आवाज ऐकून भरून काढतो. एजंटाला ही सोय फारच थोड्या प्रमाणात असते. त्यामुळे पुस्तिकेतील मौन हे त्याच्या बाबतीत चुकीचे थेट कारण ठरते आणि संकलनाच्या क्षेत्रात अशी चूक पुष्कळदा कोणताही त्रुटिसंदेश न येता घडते.

चित्रपटव्यवसायात ‘एडिटिंग’ या अर्थी मराठीत ‘संकलन’ हा शब्द रूढ आहे. त्यात कापण्यापेक्षा वेचून एकत्र करण्याचा अर्थ अधिक आहे. साधनांकडे सोपविता येणारा भाग मुख्यतः कापण्या-जोडण्याचा असतो, वेचण्याचा नव्हे. हा भेद पुढील विवेचनात लक्षात ठेवणे उपयुक्त ठरेल.

पार्श्वभूमी : चित्रपटाच्या फितीचे संकलन दीर्घकाळ हातानेच होत असे. १९२४ मध्ये आयव्हन सेरुरिए यांच्या मूव्हिओला यंत्रामुळे संकलकाला फीत चालती पाहून कापण्याची जागा ठरविता येऊ लागली. १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीने व्हिडिओ फीत-मुद्रक यंत्र बाजारात आणले, तेव्हा एक नवीच अडचण उभी राहिली. चुंबकीय फितीवरील चित्र डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा कापण्याची जागा दाखविण्याऐवजी सांगण्याची गरज निर्माण झाली. प्रत्येक चौकटीला तास, मिनिट, सेकंद व चौकट-क्रमांक असा पत्ता देणारा कालसंकेत, म्हणजेच टाइमकोड, १९६७ च्या सुमारास प्रचारात आला व पुढे अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संस्थेने त्याचे प्रमाणीकरण केले. सीबीएस व मेमोरेक्स यांच्या संयुक्त सीएमएक्स कंपनीने १९७१ मध्ये संगणकनियंत्रित संकलनयंत्र तयार केले. या कंपनीच्या यंत्रांबरोबर ‘संकलन-निर्णय सूची’ रूढ झाली. तीत एका ओळीत एक निर्णय लिहितात : क्रमांक, रिळाचे नाव, चित्र की ध्वनी, जोडाचा प्रकार, मूळ फितीवरील आरंभ व शेवट आणि तयार फितीवरील आरंभ व शेवट. माणूस व यंत्र या दोघांनाही वाचता येईल अशा संकलन-लेखनाचा हा आरंभीचा व विलक्षण दीर्घायुषी नमुना होय. त्याच्या प्रचलित रूपात रिळाच्या नावाला आठच अक्षरांची मर्यादा होती आणि रंगसुधारणा वा गुंतागुंतीच्या परिणामांना त्यात जवळजवळ स्थान नव्हते. तरीही तो टिकला, कारण त्यातील प्रत्येक स्तंभाचा अर्थ निःसंदिग्ध होता.

आज वापरात असलेल्या साधनांपैकी सर्वांत व्यापक म्हणजे एफएफएमपेग. फाब्रिस बेलार यांनी त्याचा आरंभ २००० मध्ये केला. ते पडद्यावरील बटणांनी न चालता ओळीत लिहिलेल्या आज्ञेने चालते व इतर असंख्य आज्ञावलींच्या पोटात बसविलेले असते. पायथन भाषेतून चालणारे मूव्हीपाय, केडेनलाइव्ह व शॉटकट यांच्या मुळाशी असलेली एमएलटी ही चौकट, ब्लेंडरमधील संकलन-विभाग आणि दा विंची रिझॉल्व्ह या व्यावसायिक आज्ञावलीची लेखी आज्ञा स्वीकारण्याची सोय ही इतर ठळक उदाहरणे. संकलनाचा आराखडा एका आज्ञावलीतून दुसरीत नेण्यासाठी पिक्सार स्टुडिओत ओपनटाइमलाइनआयओ हे स्वरूप तयार झाले. जुन्या निर्णय-सूचीचा तो आधुनिक वारस म्हणता येईल.

वाचकाचा बदल : संगणकीय साधनांच्या पुस्तिकांची परंपरा जुनी आहे. युनिक्स प्रणालीची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची असून तीत प्रत्येक आज्ञेचे नाव, लेखनपद्धती, वर्णन व ज्ञात दोष असा क्रम होता. हा क्रम अर्धशतकानंतरही फारसा बदललेला नाही. बदलला तो वाचक. २०२३ पासून भाषिक प्रतिमानांना बाहेरची साधने ठराविक रचनेच्या विनंत्यांद्वारे चालविता येऊ लागली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हा संकेत जाहीर केला. त्यानुसार प्रत्येक साधनाने आपले नाव, आपले वर्णन व आपण कोणती माहिती कोणत्या प्रकारात स्वीकारतो याचा आराखडा एजंटाला कळवावयाचा असतो. साधन व त्याचे वर्णन येथे वेगळे राहत नाहीत. एजंटाच्या दृष्टीने वर्णन हेच साधन असते.

वॉशिंग्टन विद्यापीठ व गूगल येथील संशोधकांनी २०२३ मध्ये असे दाखविले, की वापराची उदाहरणे न देता केवळ साधनाचे लेखी वर्णन दिले, तरी प्रतिमान ते साधन उदाहरणे दिल्याइतक्याच यशाने वापरू शकते. त्यांच्या प्रयोगांत चित्र व व्हिडिओ संस्करणाची, प्रतिमानाने पूर्वी न पाहिलेली साधनेही होती. चांगल्या वर्णनाचे मोल यावरून सिद्ध होते; वाईट वर्णनाची किंमतही त्यावरून ताडता येते.

मौनाचे परिणाम : एफएफएमपेगची अधिकृत पुस्तिका विस्तृत व बहुतांशी अचूक आहे. तरीही तिच्या आधारे लिहिलेल्या आज्ञा चुकतात, कारण तिच्यातील नियम परस्परांपासून दूर विखुरलेले आहेत. व्हिडिओतील ठराविक क्षणापासून तुकडा काढण्यासाठी ‘एसएस’ हा विकल्प आहे. तो मूळ फाईलच्या नावाआधी लिहिला तर एक अर्थ होतो, नंतर लिहिला तर दुसरा. तुकडा कोठे संपवावा हे सांगणारा ‘टी’ विकल्प कालावधी घेतो, तर ‘टीओ’ हा विकल्प स्थान घेतो. समजा, व्हिडिओतील ६० ते ९० सेकंदांचा भाग हवा आहे. ‘एसएस ६०’ फाईलच्या नावाआधी व ‘टीओ ९०’ नंतर लिहिल्यास ३० सेकंदांचा तुकडा मिळेल अशी अपेक्षा असते. मिळतो तो ९० सेकंदांचा. आरंभस्थान आधी सांगितल्यामुळे घड्याळ शून्यापासून पुन्हा सुरू होते आणि ९० हा आकडा नव्या घड्याळाचा ठरतो. आज्ञा यशस्वी झाल्याचीच खूण येते. माणसाच्या हे ध्यानी येण्यास तुकडा एकदा चालवून पाहणे पुरते.

दुसरी अडचण संपीडनातून येते. संपीडित व्हिडिओत प्रत्येक चौकट संपूर्ण साठविलेली नसते. काही चौकटी पूर्ण असतात, त्यांना मुख्य चौकटी म्हणतात. उरलेल्या चौकटींत केवळ आजूबाजूच्या चौकटींपासून झालेला बदल नोंदलेला असतो. एक्स२६४ या प्रचलित संपीडकात दोन मुख्य चौकटींमधील कमाल अंतर, वेगळे सांगितले नाही तर, २५० चौकटी असते. सेकंदाला २५ चौकटींच्या व्हिडिओत हे अंतर १० सेकंदांचे होते. पुन्हा संपीडन न करता केवळ नक्कल करून तुकडा काढला, तर तो सांगितलेल्या क्षणापासून नव्हे, तर त्याआधीच्या मुख्य चौकटीपासून घेतला जातो. ही पद्धत अत्यंत जलद असल्यामुळे एजंट ती आवर्जून निवडतो. पुस्तिकेत हा इशारा आहे, परंतु तो ‘एसएस’ विकल्पाच्या परिच्छेदात. नक्कल करण्याच्या विकल्पाच्या वर्णनाशेजारी तो सहज सापडत नाही. एजंट पुष्कळदा पुस्तिकेतील शोधून काढलेला एकच उतारा वाचतो, आणि तो नेमका दुसरा असू शकतो. म्हणून एजंटासाठी लिहिताना पुनरुक्ती हा दोष मानीत नाहीत; धोका ज्या विकल्पांतून उद्भवतो त्या प्रत्येकाशेजारी तो पुन्हा सांगतात.

दोन तुकडे विरघळत्या जोडाने जोडण्याच्या ‘एक्सफेड’ या प्रक्रियेत जोडाचा आरंभ पहिल्या तुकड्याच्या घड्याळानुसार द्यावा लागतो. दहा-दहा सेकंदांचे दोन तुकडे एका सेकंदाच्या जोडाने जोडावयाचे असल्यास आरंभ ९ हा द्यावा लागतो व फलित १९ सेकंदांचे होते, २० चे नव्हे. अशा वेळी दोन वाक्यांच्या व्याख्येपेक्षा एक सोडविलेले गणित अधिक उपयोगी पडते. याच साधनातील ‘लाउडनॉर्म’ ही ध्वनिपातळी जुळविणारी प्रक्रिया आपल्या गतिमान रीतीत ध्वनीचा नमुनादर १,९२,००० पर्यंत वाढविते. पुस्तिका तसे स्पष्ट सांगते आणि अपेक्षित दर स्वतः नमूद करावा असेही सुचविते. अनपेक्षित परिणाम त्याच जागी कबूल करण्याचे हे चांगले उदाहरण आहे.

कालगणना : सर्वाधिक गोंधळ काळाच्या एककांवरून होतो. भारतातील दूरचित्रवाणीत सेकंदाला २५ चौकटी असतात, चित्रपटात २४. उत्तर अमेरिकेत व जपानमध्ये मात्र रंगीत प्रक्षेपणाच्या आरंभापासून हा दर नेमका ३० नसून ३०,००० भागिले १,००१, म्हणजे सुमारे २९·९७ आहे. त्यामुळे ३० च्या हिशेबाने मोजलेला कालसंकेत खऱ्या घड्याळाच्या तासाला १०८ चौकटी, म्हणजे सुमारे ३·६ सेकंद, मागे पडतो. तो जुळविण्यासाठी प्रत्येक मिनिटाच्या आरंभी ०० व ०१ हे दोन चौकट-क्रमांक गाळतात, मात्र दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत. येथे क्रमांक गाळले जातात, चौकटी नव्हेत; पुस्तिका वाचून हे समजणे माणसालाही अवघड जाते.

अशा पार्श्वभूमीवर एखाद्या साधनाच्या वर्णनात नुसते ‘आरंभ’ असे लिहिले, तर तो आकडा सेकंदांचा, मिलिसेकंदांचा की चौकटींचा हे कळत नाही, आणि एजंट विचारण्याऐवजी अंदाज करण्याकडे झुकतो. एकक नावातच समाविष्ट करणे (‘आरंभ-सेकंद’, ‘आरंभ-चौकट’) हा त्यावरील साधा उपाय होय. दशांश अपूर्णांकाने २९·९७ असे लिहिल्यास दीर्घ व्हिडिओत चूक साचत जाते. म्हणून ओपनटाइमलाइनआयओमध्ये काळ हा मूल्य व दर अशा दोन संख्यांनी व्यक्त करतात. ॲपलच्या फायनल कटच्या देवाणघेवाणीच्या स्वरूपातही तो १००१/३०००० सेकंद अशा व्यवहारी अपूर्णांकाने लिहितात. क्रमांक शून्यापासून मोजतात की एकापासून, आणि शेवटची चौकट धरतात की वगळतात, हेही सांगणे आवश्यक असते.

आवृत्ती : भाषिक प्रतिमानाच्या स्मरणात साधनांची जुनी रूपे साठलेली असतात. मूव्हीपायच्या २०२४ मधील दुसऱ्या प्रमुख आवृत्तीत अनेक क्रियांची नावे बदलली. तुकडा काढण्याची ‘सबक्लिप’ ही क्रिया ‘सबक्लिप्ड’ झाली, ‘सेट’ने आरंभ होणाऱ्या क्रिया ‘विथ’ने आरंभ होऊ लागल्या आणि जवळपास प्रत्येक जुन्या उदाहरणाच्या पहिल्या ओळीत आढळणारा ‘एडिटर’ हा विभाग काढून टाकण्यात आला. जुन्या उदाहरणांवर शिकलेला एजंट साहजिकच जुन्या आज्ञा लिहितो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०२३ मध्ये ‘गोरिला’ या प्रकल्पात असे दाखविले होते, की चालू पुस्तिका हाताशी दिल्यास अस्तित्वात नसलेल्या आज्ञा कल्पनेने रचण्याचे प्रमाण घटविता येते. केवळ नवी नावे देणे मात्र पुरत नाही. ‘अमुक नाव आता चालत नाही, त्याऐवजी तमुक वापरावे’ अशी स्पष्ट नोंद लागते, कारण एजंटाच्या स्मरणातील जुन्या नावाला नुसत्या अनुल्लेखाने छेद मिळत नाही.

वर्णनाची रचना : तुकडा कापणाऱ्या एखाद्या साधनाचे वर्णन ‘व्हिडिओ कापतो’ एवढेच केले, तर ते खोटे नसते, पण निरुपयोगी असते. त्याच साधनाचे वर्णन पुढीलप्रमाणे करता येईल : ‘एका फाईलमधील आरंभ-सेकंद ते शेवट-सेकंद हा भाग नव्या फाईलमध्ये लिहितो. दोन्ही आकडे मूळ फाईलच्या घड्याळानुसार असून शेवट वगळला जातो. मूळ फाईल बदलत नाही. फलिताच्या नावाची फाईल आधीपासून असल्यास काम न करता त्रुटी कळवितो. अचूक कापण्यासाठी पुन्हा संपीडन करतो, त्यामुळे दीर्घ तुकड्यांना वेळ लागतो. अनेक तुकडे जोडण्यासाठी हे साधन वापरू नये.’ यातील शेवटचे वाक्य वरकरणी अनावश्यक वाटते. पण जवळजवळच्या अनेक साधनांतून एकाची निवड करताना नकारात्मक सूचनाच निर्णायक ठरते.

त्रुटिसंदेश हासुद्धा प्रलेखनाचाच भाग मानावयास हवा. दा विंची रिझॉल्व्हच्या लेखी आज्ञांची माहिती त्या आज्ञावलीबरोबर येणाऱ्या एका साध्या मजकूर-फाईलमध्ये दिलेली असते. बऱ्याच आज्ञांचे उत्तर तीत केवळ ‘होय’ वा ‘नाही’ असे असते. ‘नाही’ उत्तर आल्यावर काय चुकले हे एजंटाला कळत नाही व तो तीच आज्ञा किंचित बदलून पुन्हा पुन्हा देत राहतो. एफएफएमपेगमध्ये उलट प्रकार आढळतो : तेथे नेहमीची माहितीही त्रुटींसाठी राखलेल्या मार्गानेच बाहेर येते, त्यामुळे सुरळीत चाललेले कामही बिघडल्यासारखे भासू शकते. निर्णय मजकुरावरून न घेता अंतिम संकेतांकावरून घ्यावा, शून्य म्हणजे यश, हे सांगून ठेवावे लागते.

लांबीचा प्रश्नही आहेच. प्रतिमान एका वेळी मर्यादित मजकूरच विचारात घेऊ शकते आणि एफएफएमपेगच्या प्रक्रियांची यादीच एखाद्या ग्रंथाएवढी आहे. सगळी पुस्तिका पुढ्यात ठेवल्यास महत्त्वाचे वाक्य गर्दीत हरवते. त्यामुळे प्रथम नाव व एका वाक्यातील उपयोग, गरज पडल्यास सविस्तर वर्णन, आणि त्याहूनही गरज पडल्यास संपूर्ण संदर्भ अशी थरांची रचना करतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिकने जाहीर केलेल्या ‘स्किल्स’ या पद्धतीत हेच तत्त्व आहे. साधनाने स्वतःच आपली माहिती सांगावी ही सोय अधिक भरवशाची असते. एफएफएमपेगला एखाद्या प्रक्रियेचे नाव देऊन मदत मागितली, तर संगणकावर असलेल्या नेमक्या आवृत्तीचे विकल्प मिळतात.

पडताळणी : काही प्रतिमाने स्थिर चित्रे पाहू शकतात, परंतु तासाभराचा व्हिडिओ माणसाप्रमाणे सलग पाहणे व ऐकणे हे त्यांच्या आवाक्याबाहेरचे वा अतिशय खर्चिक असते. म्हणून प्रत्येक कृतीबरोबर तिची तपासणी कशी करावी हे पुस्तिकेत सांगावे लागते. एफएफएमपेगबरोबर येणारे एफएफप्रोब हे साधन फाईलचा कालावधी, चौकटींचा दर, चित्राचा आकार व ध्वनिमार्गांची संख्या यंत्राला वाचता येईल अशा रूपात देते. काळ्या पडलेल्या, गोठलेल्या वा निःशब्द जागा शोधणाऱ्या प्रक्रियाही उपलब्ध आहेत. वर दिलेल्या उदाहरणातील ९० सेकंदांचा तुकडा एफएफप्रोबने तत्काळ उघडकीस आला असता.

काही दोष मात्र अशा मोजमापात सापडत नाहीत. देवनागरी उपशीर्षके हे त्यांपैकी एक होय. देवनागरीत ऱ्हस्व इकार संगणकाच्या स्मृतीत व्यंजनानंतर साठवितात व दाखविताना त्याच्या आधी काढतात. जोडाक्षरांची रूपेही अक्षरांच्या सान्निध्यावरून ठरतात. हे काम हार्फबझ ही आज्ञावली करते. ज्या साधनात तिची जोड नसते तेथे ‘शक्ति’ या शब्दातील वेलांटी चुकीच्या जागी पडून पाय मोडलेली अक्षरे चित्रावर उमटतात. फाईल निर्दोष असते, कालावधी बरोबर असतो, संकेतांक शून्य असतो. मराठी वाचणाऱ्यालाच ते खटकते. चित्रावर अक्षरे लिहिणाऱ्या एफएफएमपेगच्या ‘ड्रॉटेक्स्ट’ प्रक्रियेच्या पुस्तिकेत हार्फबझची अट नमूद आहे, पण ती का आहे हे सांगितलेले नाही. मुख्यतः रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या पुस्तिकांत ही उणीव सर्वत्र दिसते. उपशीर्षके चढविल्यावर एक चौकट चित्ररूपाने काढून ती तपासावी, अशी सूचना भारतीय भाषांसाठी आवर्जून द्यावयास हवी.

सुरक्षितता : मूळ चित्रण पुन्हा मिळत नाही. एफएफएमपेग एखादी फाईल पुसून तिच्या जागी नवी लिहिण्यापूर्वी विचारते. परंतु एजंटाच्या कामात उत्तर द्यायला कोणी बसलेले नसते, म्हणून सर्वत्र ‘होय’ असे आधीच सांगणारा ‘वाय’ विकल्प लिहिण्याची सवय पडते. मूळ व फलित एकच असल्यास एफएफएमपेग काम नाकारते, पण शेजारची दुसरी फाईल ‘वाय’मुळे निमूटपणे नष्ट होऊ शकते. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये २०२५ पासून साधन केवळ वाचते की काही नष्टही करू शकते हे कळविण्याच्या खुणा आहेत. त्या खुणा म्हणजे हमी नव्हे, हे त्या संकेतातच म्हटले आहे; अनोळखी साधनाच्या खुणांवर विसंबू नये. साधनाच्या वर्णनात किंवा उपशीर्षकांच्या फाईलमध्ये दडवून लिहिलेला मजकूर एजंट आज्ञा समजून पाळतो, हाही धोका प्रत्यक्षात दिसून आला आहे.

मर्यादा : मुलाखतीतील निःशब्द जागा काढून टाकणे हे एजंटांना वारंवार सांगितले जाणारे काम आहे. एफएफएमपेगमधील निःशब्दता शोधणारी प्रक्रिया, वेगळे न सांगितल्यास, उणे ६० डेसिबेलखालील व किमान दोन सेकंदांच्या जागा नोंदविते. ही मर्यादा उणे ३० वर आणली, की हलक्या आवाजात उच्चारलेले शब्दही शांततेत जमा होतात. पण आकडे बरोबर असले तरी प्रश्न संपत नाही. प्रश्न ऐकल्यावर साक्षीदाराने घेतलेला तीन सेकंदांचा विराम हा त्याच्या उत्तराचाच भाग असतो. तो कापल्याने शब्द तेच राहतात व अर्थ बदलतो. कोणता विराम रिकामा व कोणता अर्थपूर्ण, हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिता येत नाही. त्यामुळे वृत्त, साक्ष, संशोधनासाठीचे ध्वनिमुद्रण अशा साहित्यावर काम करणाऱ्या साधनांच्या पुस्तिकेत कापलेल्या प्रत्येक भागाची नोंद वेगळ्या फाईलमध्ये ठेवण्याची अट घालणे इष्ट ठरते. ओपनटाइमलाइनआयओसारख्या स्वरूपाचा येथे चांगला उपयोग होतो. एजंट प्रथम केवळ आराखडा लिहितो. संकलक तो आपल्या नेहमीच्या आज्ञावलीत उघडून चालवून पाहतो, हवे ते विराम परत जागेवर ठेवतो, आणि त्यानंतरच प्रत्यक्ष फाईल तयार करण्याची आज्ञा दिली जाते.